टायमिंग बेल्ट ‘बदललाय’ म्हणतात, तेव्हा नेमकं काय बघायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा गडहिंग्लजला केटरिंगचा धंदा आहे आणि भांडी-माणसं न्यायला जुनी डिझेल व्हॅन घ्यायची आहे. दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक टाटा मॅजिक, २०१३ ची, कोल्हापुरात शाळेच्या मुलांची ने-आण करणारी, मीटरवर ७८ हजार. दुसरी निसान इव्हालिया, २०१४ ची, बेळगावची, मीटरवर १ लाख १२ हजार. इव्हालियावाल्यानं बॉनेट उघडून दाखवलं, ‘बेल्ट बघा, नवाकोरा आहे, गेल्या वर्षीच टाकलाय.’ मॅजिकवाला म्हणतो, ‘त्याला काय होत नाही.’ बेल्ट बघून कळतो का, आणि कळत नसेल तर काय करायचं, असा तुमचा सवाल आहे.

उत्तर आधी, कारणं मागून. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले क्रँक आणि कॅम एका तालात फिरवणारा आतला दातेरी पट्टा, नुसता बघून नापास करता येतो, पास करता येत नाही. चिरलेला, तेलानं भिजलेला, कडेनं उसवलेला दिसला तर तो खराब, यात वाद नाही. पण स्वच्छ आहे, दाते शाबूत आहेत, म्हणून अजून पन्नास हजार किलोमीटर जाईल असं कुठलाच मिस्त्री सांगू शकत नाही. तारीख, किलोमीटर आणि गाडीचा नंबर असलेलं बिल हातात नसेल तर बेल्टची मुदत संपली आहे असं धरूनच किंमत ठरवा, आणि गाडी ताब्यात आली की पहिलं काम तेच करा. खाली जी तपासणी सांगतोय ती या नियमाला पळवाट म्हणून नाही. त्या बेल्टभोवती नीट बघितलं की गाडी कशी वापरलीय, मालक किती खरं बोलतोय आणि बेल्टबरोबर आणखी कशाला हात घालावा लागणार, हे कळतं. सौद्याला त्याचा उपयोग होतो.

पहिल्यांदा, त्या इंजिनाला बेल्ट आहे का तेच बघा. डिझेल म्हटलं की बेल्ट असतोच असं नाही. फोर्स ट्रॅव्हलर घ्या. जुनं ओएम ६१६ जातीचं इंजिन असो की नंतरचं २.६ कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरना एकाच नळीतून जास्त दाबानं डिझेल देणारं), दोन्ही मर्सिडीजच्या घराण्यातली आणि दोन्हींत टायमिंग चेन. फियाटचं १.३ मल्टिजेट मारुतीनं वापरलं, टाटानंही वापरलं, त्यातही चेनच. इनोव्हा क्रिस्टाला चेन, पण तिच्या आधीच्या २.५ डिझेल इनोव्हाला बेल्ट, आणि त्याआधीच्या डिझेल क्वालिसलाही बेल्ट. तुमच्या दोन्ही गाड्या बेल्टवाल्या. मॅजिकचं ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन म्हणजे इंडिकाच्या १.४ डिझेलचं निम्मं. इव्हालियात रेनॉचं १,४६१ सीसीचं के९के आहे, तेच जे डस्टरमध्ये आणि लॉजीत बसवलं. पुस्तक जवळ नसेल तर एक खूण लक्षात ठेवा. चेन तेलात चालते, म्हणून तिच्यावरचं झाकण धातूचं आणि सीलबंद असतं. या गाड्यांतला बेल्ट कोरडा चालतो, त्याला तेल वर्ज्य, म्हणून त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, क्लिपांवर नाहीतर छोट्या बोल्टांवर बसवलेलं. चेनवाल्या गाडीत सकाळी गार इंजिन चालू करताना पुढच्या बाजूनं खडखड येत असेल तर चेन आणि तिचा टेन्शनर (ताण धरून ठेवणारा भाग) बघावा लागतो. पण तो वेगळा विषय, तुमच्या गाड्यांना तो लागू नाही.

आता हा बेल्ट एवढा जिवावर का उठतो ते सांगतो. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) दोन फेरे फिरला की कॅमचा (व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या दांड्याचा) एक फेरा झाला पाहिजे, एकही दात इकडे-तिकडे न होता. हे काम बेल्टचं. बऱ्याच इंजिनांत डिझेलचा पंप आणि वॉटर बॉडीही (इंजिनात कूलंट फिरवणारा पंप) त्याच बेल्टवर फिरते, इव्हालियाच्या के९केमध्ये दोन्ही फिरतात. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जबर. जुन्या आयडीआय इंजिनांत (ज्यांत डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात फवारलं जातं) ते २० पटींच्या वर जातं, कॉमन रेलमध्ये साधारण १५ ते १८ पट. हवा एवढी दाबायची म्हणजे पिस्टन वर येतो तेव्हा हेडपाशी, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या झाकणापाशी, जागा उरतेच किती? मिलिमीटरच्या आसपास. बेल्ट तुटला किंवा त्याचे दाते सोलले गेले की कॅम आहे तिथंच थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडे लटकत राहतात, आणि चालत्या गाडीच्या वेगानं फिरणारा क्रँक पिस्टनला वर ढकलतच राहतो. पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी गाइड फुटतात, कधी रॉकर किंवा कॅमच्या कॅप जातात, पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखे ठसे उमटतात. हेड उतरवावंच लागतं. काही पेट्रोल इंजिनांत बेल्ट तुटला तरी नवा टाकून, टायमिंग लावून गाडी चालू होते, कारण तिथं पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये जागा ठेवलेली असते. डिझेलमध्ये ती आशा धरू नका.

पैशाचं झालं. माणसांचं त्याहून मोठं आहे. तुम्ही आचाऱ्यांना आणि वाढप्यांना घेऊन जाणार. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना किंवा आंबा घाटात इंजिन एकदम बंद पडलं तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम तयार होणं थांबतं. एक-दोनदा पेडल दाबलं की साठवलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं कडक होतं. इंजिनाच्या पंपावर चालणारं पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड. मागं भरलेली पातेली, आत माणसं, पुढं वळण. म्हणून बेल्टच्या बाबतीत ‘चालतंय तोवर चालू दे’ हे मला अजिबात पटत नाही, आणि शाळेच्या गाड्यांबाबत तर हे ऐकलं की राग येतो.

बघून पास का करता येत नाही? पूर्वीच्या बेल्टांचं रबर जुनं झालं की पाठीवर भेगा पडायच्या, त्यामुळे जुने मिस्त्री बेल्ट वाकवून, बोटानं चाचपून सांगायचे. आताचे बेल्ट एचएनबीआर नावाच्या रबराचे. ते उष्णता चांगली सोसतं, लवकर चिरत नाही. आत काचेच्या तंतूंचे दोर असतात, दात्यांवर नायलॉनचं कापड. दमतात ते आतले दोर आणि दात्यांची मुळं, आणि ती बाहेरून दिसत नाहीत. त्यामुळे मुदत उलटलेला बेल्टसुद्धा वरून चकचकीत दिसू शकतो. एक ताकीद इथंच देतो. बेल्ट तपासायचा म्हणून तो मुठीत दुमडू नका, उलटा पिळू नका. काचेचे दोर आत मोडतात आणि चांगला बेल्ट तुमच्या हातूनच खराब होतो. बोटांनी ९० अंश पिळून ताण बघायची जुनी पद्धत आपोआप ताण धरणाऱ्या टेन्शनरच्या इंजिनात फारसं काही सांगत नाही.

मुदत दोन्हींनी मोजायची, किलोमीटर आणि वर्षं, जे आधी भरेल ते. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकात असतो आणि तोच मानायचा, शेजाऱ्याच्या गाडीचा नाही. तुमच्या मॅजिकचा हिशेब करून बघू. शाळेची गाडी दिवसाला ४० किलोमीटर, वर्षाला २२० दिवस धरली तर वर्षाचे ८,८०० होतात. शाळा बंद होत्या ती दोन वर्षं वगळून नऊ वर्षं धरली तर ७९,२०० भरतात. म्हणजे ७८ हजार हा आकडा खोटाच असेल असं नाही. पण मे महिन्यातल्या लग्नाच्या खेपा, जोतिबाच्या वाऱ्या, सुट्टीतलं वडाप यातलं काहीच केलं नसेल तरच तो बसतो, तेव्हा ते विचारा. आणि समजा मीटर अगदी खरा आहे, तरी फायदा नाही. शाळेच्या दारात गाडी किती वेळ नुसती चालू उभी असते! मीटर थांबलेला असतो, बेल्ट फिरत असतो. वर दोन वर्षं शेडमध्ये उभी. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं आणि उंदरांना कव्हरच्या आतली ऊबदार जागा आवडते. अकरा-बारा वर्षांच्या गाडीत बेल्ट कंपनीतून आलेलाच असेल तर किलोमीटर विचारायची गरजच नाही.

आता इव्हालियावाल्यानं जे दाखवलं त्याबद्दल. बॉनेट उघडल्यावर सहज दिसणारा, पाठीला गुळगुळीत आणि आतून लांब पट्ट्या असलेला बेल्ट हा फॅन बेल्ट, म्हणजे डायनामो आणि एसी फिरवणारा. तो टायमिंग बेल्ट नव्हे. टायमिंग बेल्ट कव्हर काढल्याशिवाय दिसतच नाही. विकणारा दरवेळी फसवायलाच बसलेला असतो असं नाही. पुष्कळ मालकांना स्वतःलाच फरक माहीत नसतो. गॅरेजवाल्यानं ‘बेल्ट टाकला’ म्हटलं, यांनी पैसे दिले, विषय संपला. म्हणून विचारताना ‘कुठला बेल्ट? कव्हर काढून आतला की बाहेरचा?’ असं विचारा. मग ‘कोणत्या गॅरेजला, केव्हा, किती किलोमीटरवर, गाडी तिथं किती वेळ होती?’ इव्हालियाच्या टायमिंग बेल्टला उजवीकडचं चाक काढावं लागतं, इंजिनाचं त्या बाजूचं माउंटिंग सोडावं लागतं, क्रँक आणि कॅम पिना लावून जागच्या जागी धरावे लागतात. तासाभरात परत दिली असं कोणी सांगितलं तर तो बाहेरचा बेल्ट.

बिल कसं असावं? त्यावर गाडीचा नंबर, तारीख आणि त्या दिवशीचं किलोमीटर हवं. पार्टच्या ओळीत नुसता ‘बेल्ट’ नको. टायमिंग बेल्ट किट, म्हणजे बेल्टबरोबर टेन्शनर आणि असेल तर आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली), के९केमध्ये वॉटर बॉडी आणि कूलंट. बिलावर बेल्ट एकटाच असेल तर काम अर्धंच झालंय असं समजा. बिलावरच्या गॅरेजला फोन करून खात्री करा, चांगला गॅरेजवाला अशा चौकशीला रागावत नाही. गाडी कंपनीच्या वर्कशॉपला जात असेल तर तिथं नोंद मिळते, मालकालाच सोबत घेऊन जा. बिलावरचं किलोमीटर आजच्या मीटरपेक्षा जास्त निघालं तर मीटर फिरवलाय हेही तिथंच कळेल.

बिल नाही पण मालक शपथेवर सांगतोय, अशा वेळी मी पान्याच्या खुणा बघतो. हे तुम्हालाही जमेल, मोबाइलची बॅटरी पुरे. टायमिंग कव्हरच्या बोल्टांची डोकी जवळून बघा. वर्षापूर्वी उघडलेल्या बोल्टाच्या कोपऱ्यांवर पाना बसल्याची चमक राहते, डोक्याभोवती बसलेला धुळीचा थर तुटलेला असतो, कधी एखादा बोल्ट बाकीच्यांपेक्षा वेगळा असतो, कधी एखादा नाहीच. उलट सगळ्या बोल्टांच्या खाचांत तेल आणि धूळ मिळून झालेली काळी वडी घट्ट बसलेली असेल, कव्हरच्या फटीवरून तोच थर अखंड गेलेला असेल, तर ते कव्हर कित्येक वर्षांत उघडलेलं नाही. आपल्या पश्चिम भागात, राधानगरी-गगनबावडा पट्ट्यात चाललेल्या गाडीत हा थर तांबूस असतो, जांभ्याची धूळ लगेच ओळखू येते. क्रँक पुलीचा मोठा बोल्ट बघा, इव्हालियात इंजिन माउंटिंगचे बोल्ट बघा. हे सोडल्याशिवाय बेल्ट निघत नाही. त्यांच्यावर वर्षानुवर्षांचा गंज जसाच्या तसा असेल तर मालकाचं म्हणणं खरं नाही, मग तो कितीही गोड बोलो. चांगलं गॅरेज कव्हरवर नाहीतर बॉनेटखाली तारीख-किलोमीटरचा स्टिकर लावतं किंवा मार्करनं लिहितं, तेही शोधा.

मालकानं परवानगी दिली तर वरचं कव्हर काढा. इंजिन गार, चावी काढलेली. मॅजिकमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली आहे, सीट उचलून बघावं लागतं आणि जागा अडचणीची आहे, त्यामुळे सोबत मिस्त्री असलेला बरा. उघड्या भागातून बेल्टचा जेमतेम वीतभर तुकडा दिसतो आणि बहुतेक लोक तेवढाच बघून मान हलवतात. असं करू नका. बेल्टच्या पाठीवर खडूनं रेघ ओढा आणि ती रेघ फिरून परत समोर येईपर्यंत इंजिन हातानं फिरवा. क्रँकच्या बोल्टावर सॉकेट लावून फिरवायचं, इंजिन चालताना फिरतं त्याच दिशेनं. कॅमच्या बोल्टावर जोर द्यायचा नाही, उलटं फिरवायचं नाही, आणि सेल्फ तर मुळीच मारायचा नाही. क्रँकपर्यंत हात पोचत नसेल तर सपाट जागी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून दोघांनी हळूहळू पुढं ढकलायची, तिसऱ्यानं हात लांब ठेवून बघायचं. क्रँकचे बरेच फेरे झाल्यावर रेघ परत येते, तेव्हा घाई करू नका.

बघायचं काय? कडा आधी. कडेनं दोरे सुटलेले, एक कड झिजून पातळ झालेली, म्हणजे बेल्ट सरळ चालत नाही. पुली किंवा टेन्शनर वाकडा आहे. मग दात्यांची मुळं, जिथं दाता पाठीला मिळतो तो कोपरा. तिथं बारीक चीर दिसली तर गाडी चालवत घरीही नेऊ नका. दात्यांवरचं कापड उडून खालचं रबर उघडं पडलंय का बघा. पाठ काचेसारखी चकचकीत आणि नखानं दाबल्यावर कडक लागली तर रबर भाजलंय. पाठीवरची छापील अक्षरं वाचता आली तर कंपनी आणि पार्ट नंबर टिपून घ्या आणि बिलाशी ताडून बघा. अक्षरं पुसट म्हणजे जुना, हे साधारण खरं. पण अक्षरं ठळक म्हणजे चांगला, हे मात्र खरं नव्हे. बेल्टवर कसलातरी स्प्रे किंवा तेल मारलेलं चिकट लागलं तर आवाज दाबायचा प्रयत्न झालाय.

बेल्टपेक्षा मी त्याच्या शेजाऱ्यांना जास्त वेळ देतो. कॅमचं आणि क्रँकचं ऑईल सील गळत असेल तर कव्हरच्या आत ओलसर काळं दिसतं. तेलानं रबर फुगतं आणि दाते सैल होतात. डिझेल त्याहून वाईट, म्हणून पंपाचं किंवा फिल्टरच्या पायपांचं गळणारं डिझेल कव्हरवर ओघळतंय का बघा, वासानंही कळतं. वॉटर बॉडीखाली कूलंट वाळल्याचे पांढरट, गुलाबी नाहीतर हिरवे डाग असतील तर तिचं सील गेलंय. टेन्शनर आणि आयडलरच्या बेअरिंगमधून बाहेर फेकलं गेलेलं ग्रीस तांबडट टिपक्यांनी दिसतं. इंजिन चालू असताना लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कव्हरच्या बाहेर बेअरिंगच्या जवळच्या धातूवर टेकवून मूठ कानाला लावा. बरं बेअरिंग एकसारखी सुर्र करतं, गेलेलं घरघरतं. फॅन बेल्टच्या बाजूचा आवाज त्यात मिसळतो, म्हणून हे कान तयार असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

हे शेजारी एवढे महत्त्वाचे का, ते एका गाडीवरून सांगतो. पावसाळ्यात गगनबावड्याकडून एक १.५ डिझेल टोचन करून आमच्याकडे आली होती. मालकाजवळ बेल्टचं बिल होतं, अगदी वेळेत बदललेला. पण कुठल्याशा गॅरेजनं पैसे वाचवून देतो म्हणत बेल्ट एकटाच टाकला होता आणि वॉटर बॉडी जुनीच ठेवली होती. कव्हर काढलं तर आत सगळीकडे काळी रबराची भुकटी, बोटाला लागली की मऊ लागत होती. वॉटर बॉडीचं बेअरिंग जाम, हातानं पुली हलेना. बेल्ट तुटलेला नव्हता. तो सरळ दिसत होता, अक्षरंही वाचता येत होती. फक्त क्रँकच्या पुलीपाशी काही दाते मुळासकट सोलून निघाले होते. क्रँकची पुली सगळ्यात लहान, तिथं मोजके दाते सगळा भार घेतात, त्यामुळे जाम झालं की पहिल्यांदा तेच जातात. हेड उतरवलं तर सगळे व्हॉल्व्ह वाकलेले. नवा बेल्ट होता, पण जुन्या बेअरिंगनं तो मारला. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला विचारतच नाही, किट पूर्ण टाकायचं असेल तरच काम घेतो.

कोल्हापूर, शिरोळ, इचलकरंजी भागातली गाडी असेल तर महापुराचा प्रश्न वेगळा विचारा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी दारात उभ्या असलेल्या कितीतरी गाड्यांत शिरलं. आंबेवाडी, चिखली, शिरोळकडची गावं आठवा. टायमिंगचं कव्हर धूळ अडवतं, पाणी नाही. पाणी ओसरलं की बारीक गाळ आतल्या कोपऱ्यांत आणि बोल्टांच्या खळग्यांत राहतो, बाहेरून पाण्याचा फवारा मारून तो निघत नाही. बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं, पुलीच्या दात्यांवर गंज चढतो आणि तो गंज बेल्टला कानशीसारखा घासतो. खालच्या कव्हरच्या आत बोट फिरवून बघा, वाळलेला राखाडी गाळ लागला तर ती गाडी सोडून द्या. सीटच्या रुळांवरचा गंज आणि गालिच्याखालचा गाळही तेच सांगेल. बेळगावच्या गाडीला हा प्रश्न नाही असं धरू नका, गाड्या हात बदलत फिरतात.

गाडी चालवून बघताना मालकाला आदल्या दिवशीच सांगा, मी आल्याशिवाय चालू करू नका. गेल्यावर बॉनेटखाली हात लावून इंजिन खरंच गार आहे का बघा. गार इंजिन पटकन चालू व्हावं. बराच वेळ सेल्फ खाऊन, पांढरा धूर सोडत, लंगडत चालू झालं आणि चढाला ओढ कमी लागली, तर इतर कारणांबरोबर टायमिंग एखादा दात सुटलंय ही शंकाही घ्यावी लागते. पण उलटं खरं नाही. सुरेख चालणारं इंजिन बेल्टच्या वयाबद्दल काहीच सांगत नाही, तुटायच्या आदल्या दिवशीही गाडी सुरेखच चालते. आणि बेल्टचा पत्ता नसलेली गाडी ट्रायलला पन्हाळ्याच्या चढावर पिळू नका. सपाट रस्त्यावर, माफक वेगात, थोडं अंतर पुरे.

जाता जाता, कोणी जुनी इनोव्हा बघत असेल तर डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा असतो. मुदत भरली की तो लागतो. पण तो बेल्ट न बदलताही विझवता येतो, म्हणून दिवा बंद आहे हा पुरावा नाही.

सौद्याबद्दल. किट, ऑईल सील, कूलंट आणि मजुरी असा पूर्ण कामाचा अंदाज तुमच्या मिस्त्रीकडून आधी घ्या, आणि तेवढी रक्कम किमतीतून कापायला सांगा. मालक म्हणेल, ‘मीच टाकून देतो.’ नको म्हणा. विकायच्या गाडीत माणूस स्वस्तातला माल टाकतो, त्यात त्याचीही चूक नाही. काम तुमच्या समोर, तुमच्या ओळखीच्या माणसाकडून व्हावं. किट नामांकित कंपनीचं, माहितीच्या दुकानातून, बिलासह घ्या, नकली बेल्ट बाजारात आहेत. उघडतानाच क्रँक आणि कॅमची सीलं बदलून घ्या, ती स्वस्त असतात आणि पुन्हा उघडायची मजुरी महाग. जे बोल्ट एकदाच वापरायचे म्हणून कंपनीनं सांगितलेत ते नवे टाका. के९के पिना लावूनच करणारा मिस्त्री बघा, पांढऱ्या रंगाच्या खुणांवर करणारा नको. आणि काम झाल्यावर सेल्फ मारायच्या आधी क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत जुळतात का हे तुमच्या डोळ्यांसमोर बघून घ्या. कुठं अडलं तर तिथंच थांबता येतं. सेल्फनं फिरवल्यावर थांबता येत नाही.

आता तुमच्या दोन गाड्या. मॅजिकमध्ये बेल्टचं काम सोपं आणि स्वस्त, कुठल्याही तालुक्याच्या गावाला करणारा मिस्त्री मिळतो. मालक प्रामाणिकपणे ‘कधी बदलला नाही’ म्हणत असेल तर मला तो चालतो, कारण मग खर्च नक्की माहीत असतो. पण भांडी आणि माणसं एकदम घेऊन घाटात जायचं असेल तर ते इंजिन फार लहान पडेल. इव्हालिया त्या कामाला जास्त बरी, चालते छान, पण तिचं काम जाणणारा मिस्त्री आणि पार्ट दोन्ही आधी शोधून ठेवायला हवेत, कारण ती गाडी भारतात विकली जाणं कधीच थांबलंय. इंजिनाचे पार्ट डस्टरमुळे मिळतात, बाकीच्यांची चौकशी करा. बिल खरं निघालं आणि त्यात किट पूर्ण असेल तर मी इव्हालिया घेईन. बिल नसेल तर कव्हरच्या बोल्टांवरची धूळ बघून ठरवा आणि किटचे पैसे कापा.

इसार देताना कागदावर ‘टायमिंग बेल्ट बदलल्याचा पुरावा दिलेला नाही, त्याचा खर्च किमतीतून वजा’ किंवा ‘अमुक तारखेचं बिल दिलं’ असं एक वाक्य लिहून दोघांच्या सह्या घ्या. कर्नाटकची गाडी म्हणून तिथल्या आरटीओची एनओसी लागेल, ती हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. आणि बिल नसताना ती बेळगावहून गडहिंग्लजपर्यंत चालवत आणायचा मोह टाळा. बेळगावातच चांगलं गॅरेज गाठून बेल्ट टाका नाहीतर गाडीवर चढवून आणा. काम झालं की जुना बेल्ट आणि टेन्शनर मागून घ्या, कव्हरवर तारीख-किलोमीटर लिहा, आणि हजारेक किलोमीटर झाल्यावर सीलं आणि वॉटर बॉडी कोरडी आहेत ना, एवढं एकदा परत बघून घ्या.